गरम होऊन ठिसूळ झालेला सेन्सरचा कनेक्टर: नुसती शेपटी बदलू की वायर मागेपर्यंत काढू?

नवशिका

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवटच मिळतो.

गाडी २० वर्षांची, पेट्रोल, चार सिलिंडर. थंड इंजिनवर पहिल्या चावीला सुरू होते, काही तक्रार नाही. पंधरा-वीस मिनिटं चालली की रडगाणं सुरू. आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचे मिनिटाला फेरे, १२०० च्या खाली यायला तयार नाही, मागून कच्च्या पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करायला जावं तर बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. चेक इंजिनचा दिवा सहसा लागत नाही. आजवर दोनदाच लागला, दोन्ही वेळा एरर कोड पी०११८, आणि त्या दोन्ही वेळा रेडिएटरचा पंखा थंड इंजिनवरच सुसाट सुटला होता. एरवी पंख्याचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकलेला नाही.

कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलून झाला, फरक शून्य. मेकॅनिकने मान हलवली आणि म्हणाला, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. ते ऐकून मी गाडी घरी आणली आणि स्वतःच बॉनेट उघडून बसलो.

सेन्सरच्या कनेक्टरचा कान, म्हणजे तो अडकवून धरणारी खिटी, दाबली. दबली नाहीच. वाळलेल्या पानासारखी कट्कन तुटली आणि खाली कुठेतरी गडप झाली. मूळचा काळा कनेक्टर एक्झॉस्टच्या बाजूने राखाडी पडलाय, नखाने खरवडलं की भुकटी निघते. मागचं रबरी सील दगडासारखं झालंय. शेजारून जाणाऱ्या क्रँक सेन्सरच्या वायरीवरची टेपही पापुद्र्यांनी सुटते आहे.

वायरच्या तुकड्यासकट तयार कनेक्टर मिळतो आहे, ज्याला सगळे शेपटी म्हणतात. प्रश्न दोन. कापून शेपटी जोडली की काम झालं का? आणि जोड डाखून करू की क्रिंप करून (धातूचं टर्मिनल वायरवर आवळून)?

स्पॅनर १०

नायलॉनची पट्टी आवळून कनेक्टर जागेवर बसवा आणि विसरून जा. माझ्या गाडीत चार वर्षं झाली.

तारामती

घरापर्यंत पोचायला पट्टी ठीक आहे. पण कान तुटलेला कनेक्टर पट्टीने नुसता दाबून धरला जातो, सीलवर नीट बसत नाही. आत ओल गेली की पिना हिरव्या पडतात. चार वर्षं टिकली हे तुमचं नशीब, त्याला पद्धत म्हणू नका :)

ओहमभट

नवशिका, डाख की क्रिंप हे नंतर. पंखा लागत नसताना गाडी गर्दीत नेऊ नका, इंजिन तापवून बसाल. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येताहेत आणि ते ठिकाण ईसीएम नाही, असा माझा संशय आहे. कसा ते सांगतो.

या सेन्सरमध्ये एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. बऱ्याच गाड्यांत जो प्रकार दिसतो त्याचे ढोबळ आकडे: २० अंशांना अडीच किलोओहम, ६० ला सुमारे ६००, ८० ला सव्वातीनशे, ९० ला अडीचशेच्या आसपास आणि १०० ला जेमतेम १९०. ईसीएम पाच व्होल्ट एका आतल्या रेझिस्टरमधून सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ठरवतो.

आता समजा, कनेक्टरपाशी किंवा वायरमध्ये कुठेतरी ३०० ओहमचा वाईट जोड आहे. थंड इंजिनवर २५०० चे २८०० झाले. ईसीएमला दोन-तीन अंशांची चूक दिसते, कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजिन ९० वर आलं की अडीचशेचे साडेपाचशे होतात. ईसीएमला वाटतं पाणी अजून ६०-६५ वरच आहे. म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो आणि आयडल चढवून ठेवतो. ही तुमची काजळी आणि वास.

पंखा? तो लावायला ईसीएमला साधारण २०० ओहम दिसावे लागतात. वाटेतच ३०० बसले असतील तर सेन्सर उकळला तरी पंखा लागणार नाही. एरर का येत नाही, तर ६०-६५ हा आकडा ईसीएमच्या दृष्टीने अगदी शक्यतेतला आहे. तार पूर्ण सुटते तेव्हा मात्र त्याला उणे ४० दिसतं, मग पी०११८ येतो आणि खबरदारी म्हणून तोच पंखा चालू करतो. तुमची ती दोनदाची गंमत.

खात्री करायची तर स्कॅनर लावून थेट तापमान बघा. कनेक्टर काढला की उणे ४० दिसलं पाहिजे. मग कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये बारीक तार घालून त्या एकमेकींना जोडा, आकडा वर टोकाला म्हणजे १२० च्या पुढे पळायला हवा. जाड खिळा किंवा टाचणीचं डोकं घुसवू नका, टर्मिनलची पकड फाकते आणि नवा आजार लागतो. आणि ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या सेन्सरवर. तीन वायरींच्या सेन्सरला स्वतःचा पुरवठा असतो, तिथे असं काही करायचं नाही.

खडखडाट

दंडवत! दोनदा वाचला प्रतिसाद.

डाखण्याबद्दल माझं मत: बिनधास्त डाखा. १२ वर्षांपूर्वी इंजेक्टरच्या वायरी डाखल्या होत्या, आजही चालू आहेत. क्रिंप क्रिंप करणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा साधी पक्कड असते. त्या चेपलेल्या जोडापेक्षा चांगला डाख शंभर पटीने बरा.

तारामती

शेवटच्या वाक्याशी सहमत. साध्या पकडीने चेपलेलं टर्मिनल हे क्रिंप नव्हेच.

मी आठ वर्षं हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) कारखान्यात क्रिंपिंगच्या टेबलावर काढली, म्हणून जरा लांबण लावते. अशा टर्मिनलला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला किंवा सीलला. बरोबर ढाच्याच्या क्रिंपिंग पकडीत पुढचे पंख वरून आत वळतात आणि तांब्याच्या गठ्ठ्यात रुततात. कापून आडवा छेद बघितला तर आत तारा गोल राहिलेल्या नसतात, षटकोनी होऊन एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. हवेला फटच नाही, मग गंजणार काय? पुढच्या पंखांच्या पुढे तांब्याचा अर्धा-एक मिलिमीटर बुरूश डोकावला पाहिजे. दोन जोड्यांमधल्या फटीत तांबंही दिसलं पाहिजे आणि इन्सुलेशनची कडही. इन्सुलेशन पुढच्या पंखांत गेलं तर पकड रबरावर बसते, ओढलं की निघून येतं. क्रिंप झाल्यावर दर वेळी ओढून बघा. लाजत लाजत नाही, नीट.

आणि सील आधी वायरवर सरकवायचं! सगळं सुंदर क्रिंप करायचं आणि मग टेबलावर पडलेलं सील दिसायचं, हे आठ वर्षांत माझंही किती वेळा झालं ते विचारू नका.

डाखात वाईट काय? डाख तारांच्या आत शोषला जातो आणि जिथपर्यंत गेला तिथपर्यंत मऊ वायरची कडक काडी होते. काडी संपते आणि मऊ वायर सुरू होते त्या रेषेवर इंजिनाचा थरथराट तारा एकेक करून तोडतो. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आत दोन तारांवर कारभार. खडखडाट यांच्या वायरी १२ वर्षं टिकल्या याचं कारण त्या बहुधा कशाला तरी घट्ट बांधलेल्या असणार.

खडखडाट

आहेत बांधलेल्या. इंजेक्टरच्या रेलला. हं. मुद्दा मान्य, अर्धा.

पाना-पेचकस

ऑक्सिजन सेन्सरचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो: तिथे डाखायचं नाही. बऱ्याच झिर्कोनिया सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. डाखाने किंवा ग्रीसने फटी बुजल्या की सेन्सर हळूहळू खोटं बोलायला लागतो. शिवाय त्या वायरी पुष्कळदा स्टेनलेसच्या असतात, डाख धरतच नाहीत. तिथे क्रिंपच.

नवशिका

ओहमभट, पायाला हात लावू द्या.

स्कॅनर लावला. इंजिन गरम, वरचा होज हात ठेवू देत नव्हता, आणि पडद्यावर ६३. कनेक्टर काढला तर उणे ४०. मग बारीक तारेने पिना जोडल्या आणि आकडा वर चढत चढत ८४ वर थांबला. १२० नाहीच. तार तशीच ठेवून कनेक्टरच्या मागची वायर बोटाने वाकवली तर ७१, सोडली तर ८६, थोडी पिळली तर एकदम १३० आणि लगेच खाली. सेन्सर मध्ये नसतानाही आकडा नाचतोय, म्हणजे नवा सेन्सर बिचारा निर्दोष.

ओहमभट

ईसीएमही. ८४ म्हणजे तुमच्या वायरीत २८० ओहमच्या आसपास अडथळा आहे, जिथे एक ओहमही नसायला हवा.

शेपटी जोडायच्या आधी एक गोष्ट ठरवा: कनेक्टर भाजला कशाने? जळक्या कनेक्टरचे दोन प्रकार असतात. एकात एकच पिन काळी-निळी पडते आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं, बाकीच्या पिना ठणठणीत. ती आतली उष्णता: सैल पकड, त्यातून जाणारा मोठा प्रवाह. हेडलाइट, पंख्याची मोटर, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर इथे हे दिसतं. दुसऱ्यात पिना बऱ्या असतात, पण कनेक्टरची एक बाजू पांढरट, भुसभुशीत. ती बाहेरची उष्णता.

तुमच्या सेन्सरमधून दोन मिलिअँपियरच्या वर प्रवाह सहसा जातच नाही. एवढ्यावर मुंगीचे पायसुद्धा शेकत नाहीत. म्हणजे तुमचा कनेक्टर एक्झॉस्टनेच भाजला. वीस वर्षांपूर्वी जो तिथे टिकेल असं ठरवून बसवला गेला तो का भाजला, ते शोधा. नाहीतर नवी शेपटीही त्याच तव्यावर.

गुळगुळीत टायर

इतक्या जुन्या गाडीत प्लास्टिक म्हातारं होणारच की. कशाला खोलात जायचं?

ओहमभट

त्याच बॉनेटखाली, त्याच वयाचे, एक्झॉस्टपासून लांबचे कनेक्टर बघा. त्यांचे कान अजून वाकतात. नायलॉन ६६ वितळायला २६० अंशांच्या आसपास लागतात, पण त्याच्या कितीतरी खाली, १३०-१४० वर वर्षानुवर्षं बसवून ठेवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्या तोडत राहतो. ते वितळत नाही, ठिसूळ होतं. वयाचा वाटा आहेच, पण वेग उष्णतेचा.

तारामती

आणि तेच वायरीचं. बऱ्याच गाड्यांत साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची वायर असते, ती साधारण १०५ अंशांपर्यंतची. त्यातला मऊपणा देणारा पदार्थ उष्णतेने उडून गेला की ती कडक होते, वाकवली की तडकते. म्हणून नवशिका यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शेपटी लावा, पण जुनी वायर चांगली सापडेपर्यंत मागे जा. वायर बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर अजून मागे. सोलल्यावर तांबं लखलखीत गुलाबी दिसलं पाहिजे. काळं किंवा हिरवं असेल तर अजून मागे. काळ्या तांब्याला डाख धरत नाही आणि क्रिंपही नीट संपर्क देत नाही.

मधला तुकडा क्रॉसलिंक्ड इन्सुलेशनच्या वायरचा घ्या, १२५ अंशांचा. सिलिकॉनची वायर १८० पर्यंत जाते, पण अंग फार मऊ, धातूच्या कडेला घासली की चिरते. तिला स्लीव्हशिवाय सोडू नका. जाडी मूळ वायरइतकीच, बहुधा अर्धा चौरस मिलिमीटर. घरगुती वायरिंगची उरलेली वायर नको, तिच्या मोजक्या जाड तारा इंजिनावर तुटतात.

दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, एक पुढे एक मागे, म्हणजे गाठ येत नाही आणि उद्या श्रिंक ट्यूब (जोडावरची गरम केल्यावर आवळणारी नळी) फाटली तरी दोघी एकमेकींना चिकटणार नाहीत. श्रिंक ट्यूब आत गोंद असलेली घ्या. गरम केल्यावर दोन्ही टोकांशी गोंदाची बारीक कड बाहेर आली की समजायचं, बंद झाली.

पाना-पेचकस

शेपटीच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. तयार शेपट्यांच्या वायरी कुठल्याही रंगाच्या असतात. कनेक्टरच्या मागे बारीक १, २ कोरलेलं असतं, त्या खाचेप्रमाणे जोडा आणि कापायच्या आधी फोटो काढा. या सेन्सरला उलटसुलट झालं तरी बहुधा चालून जाईल, थर्मिस्टरला दिशा नसते. हीच सवय ठेवून उद्या तीन वायरींचा क्रँक सेन्सर जोडाल तेव्हा रडाल.

सेन्सरच्या पिना सोनेरी असतील तर टर्मिनलही सोन्याच्या मुलाम्याचं घ्या, कथिलाची असतील तर कथिलाचं. दोन्ही मिसळले की थरथराटात जोड लवकर खराब होतो.

स्पॅनर १०

सोन्याचा मुलामा काय, मुंगीचे पाय काय. मी आपला पट्टीवाला बरा.

नवशिका

झालं काम! उशीर झाला कारण खोलात गेलो आणि खोल निघालं.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून हार्नेसवरची टेप उलगडत गेलो. कनेक्टरपासून चार-पाच सेंटिमीटरवर सिग्नलची वायर बाहेरून चांगली दिसत होती. बोटाभोवती गुंडाळली आणि इन्सुलेशनची अख्खी नळी सुटून बोटावर आली, आत तांब्याऐवजी काळी-हिरवी पूड. सात-आठ तारा शिल्लक, त्यातल्या निम्म्या नुसत्या टेकलेल्या. २८० ओहम इथे राहत होते. म्हणजे मी कनेक्टरला लागून शेपटी जोडली असती तर नवा कनेक्टर, नवा सेन्सर आणि तोच आजार.

लखलखीत तांबं कनेक्टरपासून २२ सेंटिमीटरवर मिळालं. तारामतीताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिला क्रिंप केला आणि ओढला. निघून आला. दुसराही. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की पकडीचा खाचा एक नंबर मोठा वापरतोय. चौथा सुटला नाही. सील? पहिल्या तिन्ही वेळा टेबलावरच होतं.

आता ओहमभट यांच्या प्रश्नाचं उत्तर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या पाइपांवरच्या) पत्र्याच्या ढालीला तीन बोल्ट हवेत, एकच होता. ढाल फिरून बाजूला झुकली होती आणि नेमकी सेन्सरच्या बाजूला उघडी फट. त्यावर कडी म्हणजे हार्नेस धरणारी क्लिपच नव्हती, नुसतं भोक. त्यामुळे वायरी सैल होऊन मॅनिफोल्डकडे लोंबत होत्या. पूर्वी क्लच बदलला तेव्हा कोणीतरी ढाल काढली असणार आणि दोन बोल्ट खिशात राहिले असणार.

ओहमभट

दोन बोल्ट आणि एक क्लिप. ईसीएम बदलला असता तर हे दोन्ही तसेच राहिले असते.

चमकदार स्लीव्ह घालणार असाल तर ती मॅनिफोल्डला टेकवू नका. ती समोरून येणारी धग परतवते, मध्ये हवा असेल तर. टेकली की तीही तापते आणि आतली वायर शिजते, थोडी उशिरा एवढंच. पाच सेंटिमीटर लांब ओढून क्लिपमध्ये बसवलेली उघडी वायर टेकलेल्या स्लीव्हपेक्षा बरी.

नवशिका

क्लिप बसवली, ढालीला दोन नवे बोल्ट. वायरींना कापडी टेप, १५० अंशांची. आता मॅनिफोल्डपासून चार बोटं अंतर आहे.

स्कॅनरवर: कनेक्टर काढून उणे ४०, पिना जोडून १३९. गरम इंजिनवर ९१, आयडल ८२०. ९७ ला पंखा लागला. मी बॉनेटपाशीच उभा होतो, तरी दचकलो.

खडखडाट

अभिनंदन! आणि क्रँक सेन्सरची टेप सुटतेय म्हणालात, तिचं काय?

नवशिका

तीही उघडली. तिथे वायरींभोवती जाळीसारखं आवरण आहे आणि ते एका टोकाशी कशालाच जोडलेलं नाही. तुटलंय का?

तारामती

नाही, तसंच असतं. ती शील्ड. एकाच टोकाला ग्राउंड करतात, ईसीएमच्या बाजूला. दुसरं टोक मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं, तुम्ही हौसेने बॉडीला जोडू नका. जाळी कोणत्याही पिनेला टेकत नाही ना एवढं बघा. इन्सुलेशन बोटाभोवती गुंडाळून तडकत नसेल तर टेप नवी लावा आणि बंद करा.

नवशिका

गुंडाळली. तडकली नाही. टेप लावतोय.

स्पॅनर १०

या धाग्यामुळे काल रात्री बॅटरी घेऊन माझी पट्टी बघून आलो. पट्टी उत्तम आहे. कनेक्टर तिच्या आत चार तुकड्यांत आहे. शेपटीच्या वायरींचे रंग वेगळे असतात म्हणालात, तर ते १, २ नेमकं कुठल्या बाजूला कोरलेलं असतं?

पाना-पेचकस

वायरी जिथून आत शिरतात त्या बाजूला. पुसलेलं असेल तर तिरका उजेड पाडा, दिसेल. आणि कापायच्या आधी फोटो.